बेटावरच्या सुटीचा बेत



आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाकडून बोनस आणि महागाईभत्ता यांवर ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज आम्ही बेटावरच्या सुटीविषयी बोलणार आहोत. विषय परका वाटेल, पण सुटी हा आमचाच विषय आहे. वर्षाकाठी निदान ६ दिवस भरपगारी रजा असावी, असा आंतरराष्ट्रीय करार व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने, वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे १ दिवस अशी रजा दिली. म्हणजे १२ दिवस झाले. भांडून मिळवलेले हे दिवस आपण घराच्या डागडुजीत घालवतो, नाहीतर विकून टाकतो. समुद्रातले बेट पाहणे हे पैसेवाल्यांचे काम, असे आपण धरून चाललो आहोत. तसे नाही. मात्र त्याला हिशेब लागतो. तो अंदमानापुरता मांडतो.

पहिली गोष्ट रजेची. अर्ज आधी, तिकीट नंतर. साहेबाच्या तोंडी ‘जा’वर विसंबू नये, मंजुरी लेखी घ्यावी. प्रवास-सवलत मिळत असेल, तर तिचे नियम पैसे भरण्यापूर्वी वाचावेत, नंतर नव्हे.

दुसरी गोष्ट ऋतूची. नैर्ऋत्येचा पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धातच तिथे पोचतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ईशान्येचा सुरू होतो. तेव्हा डिसेंबरअखेरपासून एप्रिलपर्यंतचा काळ धरावा. मुलांच्या शाळेमुळे ते जमत नसेल, तर परीक्षा आटोपताच निघावे. मे महिना चढू देऊ नये.

तिसरी गोष्ट वाटेची. चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम येथून जहाजे जातात. भाडे कमी, पण समुद्रातच अडीच-तीन दिवस जातात आणि जहाज रोज नसते. आपल्या गावाहून चेन्नईला आगगाडीने एक दिवस धरला, तर १२ दिवसांतले ८ जाण्यायेण्यातच संपतील. ज्यांची रजा साठलेली आहे त्यांनी जहाज जरूर पाहावे. इतरांनी चेन्नईपर्यंत आगगाडी आणि पुढे विमान असा मेळ घालावा, व विमानाचे तिकीट काही महिने आधी काढावे.

उतरायचे ते श्रीविजयपुरमला. २०२४ पर्यंत याचेच नाव पोर्ट ब्लेअर होते. तेथून स्वराजद्वीप आणि शहीदद्वीप या बेटांना बोटी जातात. २०१८ पूर्वी त्यांना हॅवलॉक आणि नील म्हणत. समुद्र खवळला की बोटी बंद होतात. तिथे कोणाचा वशिला चालत नाही. म्हणून लहान बेटे आधी पाहावीत, परतीच्या विमानाआधीची रात्र श्रीविजयपुरमलाच काढावी, आणि एक दिवस अगदी मोकळा ठेवावा. बोट चुकली तर तो उपयोगी पडेल. न चुकली तर विसाव्याला आहेच.

घड्याळ तिथे आपलेच चालते, पण सूर्य चालत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, आणि अंदमान त्याच्या पूर्वेस सुमारे १० अंशांवर. हिवाळ्यात सव्वापाचच्या सुमारासच सूर्य बुडतो. तेव्हा पहिल्या पाळीला निघावे तसे सकाळीच बाहेर पडावे.

सामान थोडे न्यावे: सुती कपडे, टोपी, नेहमीची औषधे, बोट लागणाऱ्यांसाठी डॉक्टरांना विचारून घेतलेल्या गोळ्या. लहान बेटांवर थोडी रोख रक्कम जवळ असावी. मगरींचा इशारा देणारा फलक असेल तिथे पाण्यात पाय घालू नये. २००४ च्या त्सुनामीने या बेटांची फार हानी केली. किनाऱ्यावर असताना जमीन जोरात हादरली, तर कोणाची वाट न पाहता उंचावर जावे.

काही मर्यादाही पाळायच्या आहेत. मध्य अंदमानाकडे जाणारा रस्ता जारवा लोकांच्या राखीव प्रदेशातून जातो. तिथे गाडी थांबवणे, छायाचित्र काढणे, खाऊ फेकणे हा गुन्हा आहे. त्यांच्या दारावरून आपण जात आहोत, एवढे ध्यानात ठेवावे. किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि शंखही उचलू नयेत. त्यांतल्या अनेकांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

आणि एक सकाळ १९०६ साली पुऱ्या झालेल्या सेल्युलर तुरुंगासाठी राखावी. त्याच्या सात ओळींपैकी तीन आज उभ्या आहेत. १९११ ते १९२१ सावरकर इथेच कोठडीत होते. कैद्याला कोलूला जुंपून दिवसाला ३० पौंड तेल काढून घेत. बरे अन्न, उजेड आणि वाचायला पुस्तके यांसाठी १९३३ साली राजबंद्यांनी उपोषण केले. त्यात महावीरसिंग, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मोइत्र यांचे प्राण गेले. माणसाला कामापलीकडेही आयुष्य हवे, ही मागणी किती महाग पडली आहे, हे मुलांना तिथे उभे राहून सांगता येईल.

शेवटचे सांगणे. आपली सुटी असते तेव्हा बोटीवरचा खलाशी, खाणावळीतला पोऱ्या, खोली झाडणारी बाई यांची कामाची घाई असते. नारळवाल्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालू नये. आपल्या रजेसाठी भांडणाऱ्यांनी दुसऱ्याच्या घामाचा भावही ओळखावा.

वर्षाच्या रजेचा हिशेब आज रात्रीच घरच्या मंडळींसह मांडा.