वाचा शिकवणाऱ्याला आपली भाषा कोण शिकवणार?
(मंडळाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी शाळा, मराठी ग्रंथालये आणि मतदारयाद्या या विषयांवर आपल्या मंडळात दरवर्षी बोलणे होते आणि ते झालेच पाहिजे. आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो या व्यासपीठावरून सहसा निघत नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही, ज्या म्हातारीला ऐकू येत नाही, ज्या आजोबांची वाचा अर्धांगवायूने गेली, त्यांच्यावर उपचार करणारी माणसे कशी तयार होतात आणि त्या शिक्षणात आपल्या भाषेला जागा किती, हा तो विषय आहे. काही जण म्हणतील, हे डॉक्टरांचे काम, मंडळाचे नव्हे. आमचे म्हणणे असे की हे आपल्या हक्काचेच काम आहे. ते कसे, ते सांगतो.

आधी या व्यवसायाची ओळख करून घेऊ. श्रवणतज्ज्ञ म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, आणि वाचा-भाषातज्ज्ञ म्हणजे ज्याला आपण स्पीच थेरपिस्ट म्हणतो तो. हे कानाचे सर्जन नव्हेत आणि श्रवणयंत्र विकणारे दुकानदारही नव्हेत. आपल्या देशात हे शिक्षण १९६० च्या दशकात रुजले. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ सालची. मुंबईला वांद्र्याची राष्ट्रीय संस्था १९८३ साली सुरू झाली. तिला अली यावर जंग यांचे नाव आहे. हे अली यावर जंग आपल्या हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले. १९७६ साली राज्यपालपदावर असतानाच ते वारले. त्याच संस्थेचे एक प्रादेशिक केंद्र आपल्या सिकंदराबादेत मनोविकासनगरला आहे. म्हणजे मुंबई आणि हैदराबाद यांना जोडणारा हा धागा आयताच आपल्या दारात आहे. आपण तो अजून हातात घेतलेला नाही, एवढेच.

पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असतो. बारावी विज्ञान शाखेतून झालेल्या मुलामुलींना प्रवेश मिळतो. तीन वर्षे वर्गातला अभ्यास आणि त्याबरोबर रुग्णांवर प्रत्यक्ष काम, आणि शेवटचे एक वर्ष पूर्ण इंटर्नशिप. विषय पाहिले तर थक्क व्हायला होते. कान, घसा आणि मेंदू यांची रचना, ध्वनीचे भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि भाषाशास्त्र. मग श्रवणचाचण्या, श्रवणयंत्र बसवणे, कानाचा साचा घेणे, मुलांचे भाषादोष, अडखळत बोलणे, आवाजाचे विकार, दुभंगलेली टाळू, पक्षाघातानंतरची वाचाहानी आणि गिळण्याचे विकारसुद्धा. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी असते. तिथे श्रवण आणि वाचा-भाषा अशा दोन वेगळ्या वाटा होतात.

या शिक्षणावर भारतीय पुनर्वास परिषदेची देखरेख आहे. तिचा कायदा १९९२ सालचा. पात्र माणसाचे नाव परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असते आणि त्याला नोंदणी क्रमांक मिळतो. नोंदणीशिवाय असा व्यवसाय करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून पहिली व्यवहाराची गोष्ट ध्यानात ठेवा. मुलाला कोणाकडे नेण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोच कसला? बँकेत आम्ही तुमच्याकडे पॅन क्रमांक मागतो, तेव्हा तुम्ही रागावत नाही.

आता मूळ मुद्दा. हाड मोडले तर क्ष-किरणाचे चित्र तेलुगू माणसाचे आणि मराठी माणसाचे सारखेच येते. भाषेचे तसे नाही. मूल नीट बोलते की नाही, हे ठरवायला त्या भाषेत नीट बोलणे म्हणजे काय, हे आधी कळावे लागते.

साधे उदाहरण घ्या. मराठीत 'चंद्र' मधला च वेगळा आणि 'चोर' मधला वेगळा. दुसरा दातांशी उच्चारला जातो. हिंदी पट्ट्यात शिकलेल्या तज्ज्ञाला आपले मूल 'चोर' म्हणताना बोबडे बोलते आहे असे वाटू शकते. तेलुगूतही हा दंत्य च आहे, त्यामुळे तेलुगू तज्ज्ञाच्या तो चटकन ध्यानात येईल. उलट आपल्या गल्लीत दखनी बोलणाऱ्या मुलांत खेळणारे पोर 'काळा' ऐवजी 'काला' म्हणते. हा जिभेचा दोष आहे, की दिवसभर कानावर पडणाऱ्या बोलीचा परिणाम? तेच पोर तेलुगू शब्दात ळ स्वच्छ म्हणत असेल, तर जिभेत काही बिघाड नाही. हे ताडून पाहायला तपासणाऱ्याला तिन्ही भाषांची जाण हवी.

व्याकरणाचेही तसेच. मराठीत तीन लिंगे, हिंदी-उर्दूत दोन, आणि तेलुगूत एकवचनात पुरुष एकीकडे आणि बाकी सारे दुसरीकडे. या तिन्हींत वाढणारे मूल 'ते पुस्तक' ऐवजी 'ती पुस्तक' म्हणाले, तर तो आजार नव्हे. आणि मराठवाड्याशी नाते असलेल्या आपल्या घरांत 'मी जाऊलालो' म्हणतात. पुस्तकी मराठी एवढीच खरी मानणाऱ्याने ते चुकीत धरले, तर दोष मुलाचा की परीक्षेचा? या शास्त्रात भाषेतला फरक आणि भाषेचा विकार या दोन गोष्टी वेगळ्या मानतात. खरा विकार मुलाच्या सर्व भाषांत दिसतो. एकाच भाषेत दिसला, तर आधी त्या भाषेशी त्याचा संबंध किती आला, हे पाहायचे.

यातूनच एक गोष्ट घडते, आणि तिच्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. मूल उशिरा बोलू लागले की आई-बापांना सल्ला मिळतो, 'घरात एकच भाषा ठेवा.' ही एक भाषा म्हणजे मराठी, असे कोणी सांगत नाही. इंग्रजी ठेवा, नाहीतर शाळेची ठेवा, असे सांगतात. आमच्या परिचयाच्या एका घरी हा सल्ला तंतोतंत पाळला गेला. ज्या आजीला इंग्रजी येत नव्हते, ती नातवाशी बोलायचीच थांबली. जे मूल आधीच कमी बोलत होते, त्याच्या घरातले सर्वांत बोलके माणूस गप्प झाले.

या सल्ल्याला शास्त्राचा आधार नाही. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकार होत नाही, हे आता या क्षेत्रात मान्य आहे. ज्या मुलांना मुळात अडचण आहे, त्यांच्याही अडचणीत दोन भाषांमुळे भर पडत नाही, असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसले आहे. मुलाला भरपूर आणि सहज बोलणे ऐकायला मिळाले पाहिजे. आईला जी भाषा मनापासून येते, तिच्यातच ती भरपूर बोलू शकते. मोडक्या इंग्रजीत बाळाला गोष्ट सांगता येत नाही.

म्हाताऱ्यांकडे वळू. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. काउंटरला काच, मागे पंख्यांचा आवाज, आणि समोरचा कारकून घाईत. आम्ही रोज पाहतो की पुष्कळ जण 'हो हो' म्हणून मान हलवतात आणि ऐकलेले काहीच नसते. घरचे म्हणतात, बाबा आता विसरायला लागले. बाबांना ऐकूच गेलेले नसते! श्रवणचाचणीत केवळ शिट्ट्यांसारखे सूर ऐकवून भागत नाही. शब्द ऐकवून ते परत म्हणायला लावतात, आणि हे शब्द त्या माणसाच्या भाषेतले व ध्वनींचा समतोल राखणारे असावे लागतात. तेलुगू शब्दांची यादी मराठी आजीपुढे वाचली, तर तिचा कान तपासला जातो की तिचे तेलुगू?

पक्षाघाताचे तर आणखी नाजूक. एकाहून अधिक भाषा येणाऱ्या माणसाची वाचा गेली, तर सगळ्या भाषा सारख्या परत येतीलच असे नाही. कोणाची लहानपणची भाषा आधी परतते, तर कोणाची आजारापूर्वी रोजच्या वापरातली. फ्रेंच वैद्य पित्र यांनी १८९५ सालीच याकडे लक्ष वेधले होते. आपले आजोबा मराठी घरात वाढले, उर्दूत शिकले, इंग्रजीत नोकरी केली आणि तेलुगूत बाजार केला. त्यांची तपासणी एकाच भाषेत झाली, तर जे शिल्लक आहे तेही गेले असे समजण्याची भीती आहे.

यात आम्ही कोणाला दोष देत नाही. सिकंदराबादला शिकणारी तेलुगू मुलगी तेलुगू रुग्णांवर हात बसवणार, हे स्वाभाविक आहे. मराठी रुग्ण तिच्यापुढे येतच नसतील, तर तिने मराठी शिकावी कशी? पण २०११ च्या जनगणनेत ज्या भाषेचे ८ कोटी ३० लाख लोक मोजले गेले, जिला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने अभिजात दर्जा दिला, त्या भाषेचे मूल राज्याची सीमा ओलांडताच परीक्षेत मुके ठरावे, हे पटण्यासारखे नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे राहिलो. त्याच दिवशी अमलात आलेल्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असे ते सांगते. ३५०-ब ने त्यावर लक्ष ठेवायला विशेष अधिकारी दिला. आम्ही वकील नाही. पण ज्या मुलाला आधी ऐकायला आणि बोलायलाच शिकवायचे आहे, त्याची शाळा उपचाराच्या खोलीत सुरू होते, हे समजायला वकिली लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषेचे अपंगत्वही मोजले आहे. हे दोन्ही कायदे एकत्र वाचून निवेदन द्यायला आपल्याला कोणी अडवलेले नाही.

तेव्हा मंडळापुढे चार गोष्टी ठेवतो.

एक, सिकंदराबादच्या केंद्राला रीतसर पत्र लिहून महिन्यातून एक दिवस मराठी रुग्णांसाठी मागावा. मराठी घरे त्या दिवशी येतील, ही जबाबदारी मंडळाने घ्यावी. दुभाषी म्हणून आपल्या शाळांतल्या निवृत्त शिक्षिका बसतील. शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना मराठी कान मिळेल आणि आपल्याला तपासणी मिळेल.

दोन, चाचण्या बनवताना आधी निरोगी मुलांचे बोलणे नोंदवावे लागते, म्हणजे कोणत्या वयात काय यावे ते ठरते. मुंबई-पुण्याच्या मुलांवरून ठरलेले माप हैदराबादच्या तीन भाषांच्या मुलाला लावणे बरोबर नाही. कोणी विद्यार्थी असा अभ्यास करायला आला, तर आपली दारे उघडी असावीत.

तीन, बारावी विज्ञानाला बसलेल्या आपल्या मुलामुलींना हा व्यवसाय दाखवावा. वैद्यकीयला जागा हुकली की आपल्या घरात सुतक पाळतात. हा चार वर्षांचा, हाताला काम देणारा आणि नोंदणीचा मान असलेला मार्ग आहे. आणि आपल्या घरच्या मुलीला मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी चारही येतात, ही पुंजी मुंबईच्या मुलीकडे नाही. मंडळाच्या शिष्यवृत्ती निधीतली एक शिष्यवृत्ती या शिक्षणासाठी राखावी.

चार, घरोघरी सांगावे की नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात करा. मऊ टोकाची नळी कानाशी धरतात, काही मिनिटांचे काम आहे, बाळाला दुखत नाही. दोष वाटला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावा, असे जगभर मानतात. 'आमच्याकडे मुले उशिराच बोलतात' म्हणत तीन वर्षे घालवू नका.

आपण मराठीसाठी पाट्यांवर, पुस्तकांवर आणि परीक्षांवर भांडलो. भाषा टिकते ती आजी-नातवाच्या बोलण्यात. तेच बोलणे डॉक्टरी सल्ल्याच्या नावाखाली बंद पडत असेल, तर त्यावर बोलणे हे राजकारण आहे आणि ते आपण केले पाहिजे. चारही सूचना आम्ही लेखी दिल्या आहेत. त्या आजच्या सभेत मताला टाकाव्यात, अशी अध्यक्षांना विनंती करून आम्ही बसतो.