पाऊलवाटांतून शहराची ओळख
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



नकाशा शहर कसे वसले आहे हे दाखवितो. ते कसे नांदते, हे माणसांच्या जाण्यायेण्यावरून कळते. शेजारच्या दोन वस्त्यांत कधी काडीचाही संबंध नसतो, तर दूरची दोन ठिकाणे रोजच्या वर्दळीने जोडलेली असतात.

१९१८ साली पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी इंदूरच्या नगररचनेचा द्विखंडात्मक अहवाल लिहिला. आधी निदान, मग उपचार, आणि निदानासाठी गल्लीबोळ पायी हिंडणे, ही त्यांची रीत होती. १९५२ साली शोंबार द लोव या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने पॅरिसमधील एका विद्यार्थिनीचा वर्षभराचा प्रवास नकाशावर रेखाटला. घर, विद्यालय आणि पियानो शिक्षकाचे घर एवढ्याच त्रिकोणात तिचे महानगर सामावले होते!

पुढे हे काम यंत्रे करू लागली. लंडनमध्ये २००३ साली ऑयस्टर कार्ड आले. भुयारी रेल्वेत शिरताना व बाहेर पडताना अशी त्याची दोनदा नोंद होते. म्हणून प्रवासाची दोन्ही टोके कळतात. २०११ साली रोथ, कांग, बॅटी व बार्थेलेमी यांनी अशा एका आठवड्याच्या नोंदी तपासल्या. लंडनचा ओघ एकाच मध्याकडे न वाहता अनेक केंद्रांभोवती एकवटतो, असे त्यांना आढळले. प्रशासकीय सीमांपेक्षा ही केंद्रेच शहराची खरी घडण सांगतात.

परंतु नोंद म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे. लंडनच्या बसमध्ये कार्ड केवळ चढताना लावतात; उतरण्याचे ठिकाण अनुमानानेच ठरवावे लागते. पायी चालणाऱ्याची तर नोंदच नाही. भारताच्या २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर व साधन विचारले, पण ते शेती व घरगुती उद्योगांबाहेरील कामकऱ्यांपुरतेच. मुलाला शाळेत पोहोचवून, भाजी घेऊन, दवाखान्यात डोकावून परतणारी गृहिणी त्या कोष्टकात कोठेच दिसत नाही.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. रस्त्याची रुंदी आणि बसचा मार्ग नोंदींवरूनच ठरू लागला, तर ज्याची नोंद नाही त्याची वाटही हिरावली जाते. मोटारींची गणना होते, म्हणून त्यांच्यासाठी पूल उभारले जातात. पादचाऱ्याची होत नाही, म्हणून पदपथ आक्रसतो.

यास्तव यंत्राच्या नोंदीला डोळस पायपिटीची जोड हवी. शाळेच्या दाराशी, मंडईत, ग्रंथालयाच्या पायरीशी उभे राहून माणसे मोजणे हेही शास्त्रच आहे. शहर सर्वांचे असेल, तर त्याच्या हिशेबवहीत सर्वांची पावले उमटली पाहिजेत.