नकाशा आणि मजुरी



रोग कोठे आहे हे नकाशा सांगतो. तो तेथेच का आहे, हे मात्र सांगत नाही. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की शास्त्राच्या नावाने गरिबांनाच दोषी ठरविले जाते. अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतील पेलाग्रा या रोगाचा इतिहास त्याची साक्ष देतो.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील कापूस-पट्ट्यात हा रोग थैमान घालीत होता. कातडी सोलवटे, अतिसार जडे, बुद्धिभ्रंश होई आणि अनेकांना मृत्यू गाठी. दक्षिण कॅरोलायनातील गिरणी-वस्त्या पाहणाऱ्या आयोगाला नवे रोगी जुन्या रोग्यांच्या घरांजवळ आणि मैल्याच्या निचऱ्याची सोय नसलेल्या भागात आढळले. रोग संसर्गजन्य असावा, असा निष्कर्ष त्याने काढला. चार्ल्स डॅव्हेनपोर्ट यांना तर त्यात आनुवंशिक दोष दिसला. नोंदी खोट्या नव्हत्या. परंतु गरिबांची घरे शेजारी-शेजारी असतात आणि कुटुंबाचे अन्न एकाच चुलीवर शिजते, याचा अर्थ कोणी लावला नाही.

१९१४ साली या कामावर नेमलेल्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी एक विसंगती हेरली. मनोरुग्णालयांत व अनाथाश्रमांत रोग होता, पण तेथील सेवकवर्ग निरोगी होता. संसर्ग असा भेद करीत नाही. अनाथ मुलांच्या आहारात दूध, अंडी, मांस व कडधान्ये वाढविताच रोग हटला. १९१५ मध्ये मिसिसिपीतील ११ कैद्यांना मुख्यतः मक्याचा निकस आहार दिला गेला; त्यांपैकी ६ जणांना पेलाग्रा झाला. माफीच्या आमिषाने केलेला हा प्रयोग आज कोणी नीतीला धरून आहे असे म्हणणार नाही.

१९१६ पासून त्यांनी अर्थशास्त्रज्ञ एडगर सायडनस्ट्रिकर यांच्यासह सात गिरणी-वस्त्यांत घरोघर उत्पन्न व आहार नोंदविला. उत्पन्न जितके कमी तितका रोग अधिक. आणि भोवतालची जमीन कापसाने व्यापली असेल तेथे ताजे अन्नही दुर्लभ. १९३७ साली नायासिन हे जीवनसत्त्व उमगले. ते ताटात का नव्हते, याचे उत्तर मात्र मजुरीत आणि जमिनीच्या वापरातच होते.

‘सारे दारिद्र्यामुळे’ ही घोषणा पुराव्याविना तोकडीच ठरते. म्हणून वस्तीत रोग्यांची यादी करणाऱ्या कार्यकर्त्याने त्याच कागदावर मजुरी, रेशन, पाणी आणि पीक यांचीही नोंद करावी. अशा नोंदींतूनच रोगाचे कारण सिद्ध होते आणि मागणीला बळ येते.