डोंगराआडचा रेडिओ

माईक जरा खाली घेता का? विषय रेडिओचा, आणि सुरुवातीलाच खरखर. म्हणजे वातावरणनिर्मिती झाली! (हशा)

नेपाळमधल्या प्रसारमाध्यमांवर बोला, असं संयोजकांनी सांगितलं. १९०१चं ‘गोरखापत्र’, १९५१चा ‘रेडिओ नेपाळ’, १९८५ची दूरचित्रवाणी, हे कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला सांगायचंय ते एवढंच, की डोंगराळ देशाला लहान रेडिओ हवा. गावाच्या ताब्यातला. एफएमची लहर नाकासमोर चालणारी. डोंगर आडवा आला की थांबली. काठमांडूत कितीही उंच मनोरा बांधा, पलीकडचं खोरं कोरडंच. लघुलहरी दूर जातात, कबूल. पण १२०हून अधिक भाषांच्या देशात दूर जाऊन त्या बोलणार कोणाच्या भाषेत?

एव्हरेस्टचंच घ्या ना. २९ मे १९५३ला तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोचले. लंडनच्या ‘टाइम्स’चा बातमीदार जेम्स मॉरिस मोहिमेबरोबर होता. त्याला बातमी फुटू द्यायची नव्हती. दुसऱ्या दिवशी अंधारात धडपडत तो तळछावणीवर उतरला, सांकेतिक मजकूर लिहिला आणि हरकाऱ्याच्या हाती दिला. वाचणाऱ्याला वाटावं, बर्फ वाईट आहे, मोहीम फसली. खरा अर्थ, शिखर सर! हरकारा नामचे बाजारला पोचला. तिथे बिनतारी यंत्र कोणाचं? आपल्या भारत सरकारचं! (टाळ्या) थांबा, टाळ्या इतक्यात नकोत. तिथून निरोप काठमांडूच्या ब्रिटिश वकिलातीत, तिथून लंडनला, आणि २ जूनला, राणीच्या राज्याभिषेकाच्या सकाळी, बातमी छापून हजर. मला या गोष्टीत खुपतं ते वेगळंच. नामचेमार्गे शिखराची बातमी चार दिवसांत लंडनला गेली. पण नामचेतल्या माणसाला शेजारच्या खोऱ्यात दरड कुठे कोसळली, हे सांगणारं केंद्र नव्हतं.

फारच लांबलो. तर नेपाळात १९९०च्या लोकशाहीसाठीच्या जनआंदोलनानंतर वारं फिरलं. पर्यावरण पत्रकारांच्या संघटनेने परवान्यासाठी वर्षानुवर्षं सरकारी उंबरे झिजवले, आणि मे १९९७मध्ये ‘रेडिओ सगरमाथा’ सुरू झाला. दक्षिण आशियातलं हे पहिलं स्वतंत्र सामुदायिक केंद्र. मग २०००मध्ये पाल्पा जिल्ह्यात ‘रेडिओ मदनपोखरा’ आला, तो चालवला चक्क गाव विकास समितीने.

पहिल्या रांगेतले काका मान हलवताहेत. “आपल्याकडे आकाशवाणी होती की!” होती, आहे, आणि मीही तिच्यावरच वाढलो. माझ्यावर रागावू नका. पण लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्येच सांगितलं. तरी स्वयंसेवी संस्थांना केंद्र काढायची मुभा मिळायला २००६ उजाडलं. आपल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ आहे. पण अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. नेपाळी केंद्रं त्या देत होती, म्हणूनच राजाला टोचली.

१ फेब्रुवारी २००५. राजा ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतली. फोन बंद, रेडिओ केंद्रांत सैनिक, एफएमवर बातम्यांना बंदी. गाणी वाजवा म्हणाले. मग काही केंद्रांनी बातम्याच गाऊन दाखवल्या! (हशा) पत्रकार चौकात उभे राहून बातम्या वाचू लागले. नोव्हेंबरात सगरमाथावर छापा पडला, कारण बीबीसीवरची माओवादी नेते प्रचंड यांची मुलाखत तिथून ऐकवली जाणार होती…

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. नाही? दोन? बरं.

मोबाइल आल्यावर रेडिओ कशाला, हे तुम्ही विचारणारच. २५ एप्रिल २०१५ला भूकंप झाला, तेव्हा वीज गेली, फोन लागेनात. केंद्रांच्या इमारतींना तडे गेले, तरी माणसं तंबूत बसून बोलत राहिली: पाणी कुठे मिळेल, कोणत्या घरात शिरू नका. बॅटरीवर चालणारा संच उशाशी असलेल्यांना ते ऐकू येत होतं. म्याग्दीच्या डोंगरात बिनतारी इंटरनेट नेणारे महावीर पुन राहिलेच. त्यांना २००७चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, एवढं… अध्यक्ष उभेच राहिले. प्रश्न खाली, चहाच्या टेबलापाशी.