पेनड्राइव्हमधील कागदपत्रे व नवा संगणक



घरी नवा संगणक आला म्हणजे शिक्षक आपली पाठटिपणे, सेवेची कागदपत्रे व कुटुंबाची छायाचित्रे पेनड्राइव्हमधून त्यात नेतो. तेथे 'कट' न करता 'कॉपी' करावे, हा पहिला नियम होय. मध्येच वीज गेली, तरी मूळ प्रत शाबूत राहते. काम आटोपल्यावर फायलींची संख्या व एकूण आकार दोन्हीकडे ताडून पाहावा.

परंतु एवढ्याने कार्य पुरे होत नाही. महत्त्वाची प्रत्येक फाईल उघडून वाचावी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मराठी मजकूर, तो फॉन्ट नव्या संगणकावर नसल्यास, निरर्थक चिन्हांचा दिसतो. फाईल बिघडली असे समजून ती पुसणे म्हणजे अनेक वर्षांचे श्रम गमावणे होय. फॉन्ट बसविताच अक्षरे पूर्ववत दिसतात. पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, जोडाक्षरे तपासून ठेवावा.

पेनड्राइव्ह 'इजेक्ट' केल्यावाचून ओढून काढू नये. लिहिणे अपुरे राहण्याचा संभव असतो. तो लगेच पुसूही नये. महत्त्वाच्या कागदपत्रांच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात. नव्या कणगीत धान्य नीट भरल्याची खात्री झाल्यावाचून शहाणा शेतकरी जुनी कणगी मोडीत नाही.