दुसऱ्यासाठी बोलण्याचा अधिकार
(सिनेगॉगच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या शेजारी आज अनेक रशियन यहुदी कुटुंबे राहतात. त्यांची वाट कशी मोकळी झाली, हे या शुभदिनी आठवावेसे वाटते.

१ ऑगस्ट १९७५ रोजी हेलसिंकी येथे युरोपातील ३३ देश आणि अटलांटिकपलीकडचे अमेरिका व कॅनडा यांनी एका करारावर सह्या केल्या. सोव्हिएत रशियानेही केली. धर्मस्वातंत्र्य आणि ताटातूट झालेल्या कुटुंबांची भेट ही वचने त्यात होती. ती पाळली जातात का, हे पाहण्यासाठी १९७६ साली युरी ओर्लोव्ह यांनी मॉस्कोत एक गट काढला. त्यातील अनातोली शारान्स्की यांना मार्च १९७७ मध्ये अटक झाली.

त्याच वर्षी बेलग्रेडच्या बैठकीत अमेरिकेचे आर्थर गोल्डबर्ग यांनी जाब विचारला. पण युरोपातील मित्रदेश कचरले. १९८० साली माद्रिदला सुरू झालेल्या बैठकीत मात्र दोन्ही किनारे बरेच एकदिलाने बोलले.

रशिया उलट विचारी, "तुमच्याकडे काळ्या लोकांना कसे वागवता?" प्रश्न खोटा नव्हता. १९७९ साली अमेरिकेच्या हेलसिंकी आयोगाने स्वतःच्याच देशातील उणिवांचा अहवाल प्रसिद्ध केला. आम्हां नर्सेसना पहिला धडा हाच असतो: रुग्णाला हात लावण्यापूर्वी आपले हात धुवा.

फळ उशिरा आले. ११ फेब्रुवारी १९८६ रोजी शारान्स्की सुटले. त्या वर्षी रशियातून हजार यहुदीही बाहेर पडू शकले नव्हते. १९९० साली एकट्या इस्राएलमध्ये सुमारे १ लाख ८५ हजार आले.

हा धडा आपल्या घरचाही आहे. रशियातील यहुद्यांसाठी इस्राएल झटत असतानाच, १९६२ साली येथे आपल्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी सुरू झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या वडीलधाऱ्यांनी बायकामुलांसह जेरुसलेमला ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये क्नेसेटने ठराव केला, की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. १९८५ साली इथिओपियाच्या बांधवांनाही यहुदीपणाच्या शंकेमुळे तेथेच बसावे लागले. त्यांचे दुःख आपल्याइतके कोणाला कळणार?

म्हणून, कोणाच्या रंगावर वा कुळावर बोट ठेवले जाईल, तेव्हा आपण गप्प राहू नये, आणि आपल्याच घरात कोणाला कमी लेखू नये. तरच आपला शब्द चार लोक मानतील.

परमेश्वर आपल्या सिनेगॉगची भरभराट करो. आमेन.