मोरीचे पाणी आणि शेजारधर्म
(आलापल्ली येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



सकाळपासून गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला, वधूवरांचा परिचय झाला, जमाखर्चही वाचून दाखविण्यात आला. अशा मंगल प्रसंगी मोरीच्या पाण्याविषयी बोलण्याची मी अनुज्ञा मागितली, तेव्हा चिटणीसांनी माझ्याकडे किंचित आश्चर्यानेच पाहिले. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शाळेचा मास्तर, अभियंता नव्हे. परंतु आपल्या वसतिगृहाचे सांडपाणी सिमेंटच्या नालीने थेट नाल्यात सोडावे, असा ठराव आज दुपारी आपणापुढे यावयाचा आहे. तत्पूर्वी माझे चार शब्द आपण ऐकून घ्यावेत, एवढीच नम्र विनंती.

प्रथम माझाच अपराध सांगतो. माझ्या वडिलांच्या कौलारू घराच्या परसात मोरीपाशी केळी, अळू आणि कर्दळ लावलेली असे. अंघोळीचे व भांडी घासल्याचे पाणी तेथेच जिरे. पुढे मी पक्के घर बांधले, केळी काढून फरशी केली आणि मोरीचे पाणी नळीने रस्त्याकडेला सोडून दिले. आपले अंगण कोरडे झाले याचे मला मोठे समाधान वाटले. ते पाणी उताराने शेजारच्या काकूंच्या दारात साचत होते. मला ते दिसत होते, पण मी त्याची दखल घेतली नाही. एके दिवशी चिखलातल्या दगडांवर पाय ठेवीत त्या आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, शाळेत तुम्ही पोरांना स्वच्छता शिकविता, तुमच्या घरचा धडा मात्र रोज आमच्या दारात येऊन बसतो." तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारीत आलो होतो, त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही.

ही केवळ दुर्गंधीची गोष्ट नव्हे. आपल्या गडचिरोली-चंद्रपूर भागाला हिवताप आणि हत्तीपाय या दोन्ही रोगांची जुनी ओळख आहे. दोन्ही डासांमुळे पसरतात, पण ते डास निरनिराळे. हिवतापाचा अॅनाफिलीस डास बहुधा स्वच्छ पाण्यात, ओढ्याच्या संथ कडेला अंडी घालतो. हत्तीपायाचे जंतू वाहून नेणाऱ्या क्युलेक्स डासाला मात्र गटाराचे घाण, साचलेले पाणी प्रिय. म्हणजे एका रोगाचे घर निसर्गाने बांधलेले असते, तर दुसऱ्याचे आपण स्वतःच्या हाताने बांधून देतो.

मग या पाण्याचे करावे काय? आपण आलापल्लीकर आहोत. उत्तर आपल्या रानातच आहे. येथील जुन्या सागवानी जंगलाचा 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' हा भाग २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. अशा रानात पावसाचे गढूळ पाणी पालापाचोळ्यातून, मुळांतून आणि वाळूखड्यांतून झिरपते व पुढे ओढ्याला निवळशंख होऊन मिळते. हेच काम माणसाने आखून-मापून करून घेणे, याला आजचे शास्त्र 'कृत्रिम पाणथळ' म्हणते.

जर्मनीत १९५०च्या दशकात केटे सायडेल या विदुषीने पाणवनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग केले. कलकत्त्याच्या पूर्वेकडील भेड्यांत तर शहराचे मैलापाणी कित्येक पिढ्या मासे पोसते आहे. त्या पाणथळीला २००२ साली रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. इतके दूर जाण्याचेही कारण नाही. नागपूरची 'नीरी' ही संस्था १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची मध्यवर्ती संशोधन संस्था म्हणून स्थापन झाली आणि १९७४ साली तिला आजचे नाव मिळाले. या संस्थेने 'फायटोरिड' नावाची अशीच पद्धत विकसित केली. समुद्रकाठच्या मुंबईत, विद्यापीठाच्या कलिना परिसरात ती उभारण्यात आली. मुंबईसारख्या दाट वस्तीत जे साधले, ते आपल्या मोकळ्या आवारात का साधू नये?

तिची रचना सोपी आहे. पाणी प्रथम एका टाकीत थांबते. तेथे गाळ खाली बसतो आणि तेलकट साय वर राहते. मधले पाणी गिट्टीने भरलेल्या उथळ हौदात जाते. हौदाचा तळ पाझरू नये असा करतात आणि त्याला किंचित उतार देतात. गिट्टीत कर्दळ, पाणकणीस, नळ अशी झाडे लावतात. शेवटी वाकविलेल्या नळीतून पाणी बाहेर पडते. त्यामुळे हौदातील पाणी गिट्टीच्या पृष्ठभागाखाली चार बोटे राहते. वर उघडे पाणी नसल्याने डासाला अंडी घालण्यास जागाच उरत नाही. खरे काम झाडे एकटी करीत नाहीत. गिट्टीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्म जीव पाण्यातील घाण खाऊन टाकतात. झाडे मुळावाटे त्यांना थोडा प्राणवायू पुरवितात आणि काही क्षार स्वतः शोषून घेतात.

आता शाळामास्तराचे गणित. आपल्या वसतिगृहात ४० मुले आहेत. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे मान धरले आहे. ते सर्व वापरून बाहेर पडते असे मानले, तरी रोजचे २,२०० लिटर होतात. उष्ण प्रदेशात माणशी साधारण १ ते २ चौरस मीटर जागा लागते. आपण १० मीटर लांब व ५ मीटर रुंद हौद केला आणि त्यात अर्धा मीटर पाणी ठेवले, तर आकारमान २५ घनमीटर झाले. गिट्टीच्या फटींत पाचांपैकी सुमारे दोन हिस्से पाणी मावते; म्हणजे १०,००० लिटर. यावरून आज शिरलेले पाणी चार दिवसांहून अधिक काळ आत राहील. व्हॉलिबॉलच्या मैदानाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी जागेत हे काम होते.

या पद्धतीचे गुण सांगितले, तशा मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. काकूंच्या त्या बोलण्यानंतर मी माझ्या परसात असाच लहानसा हौद केला. उत्साहाच्या भरात आधीची टाकी मात्र गाळली. भाताची पेज, खरकटे आणि तेल यांनी सहा महिन्यांत गिट्टी तुंबली व सारे पुन्हा उपसावे लागले. टाकी बांधल्यावर मात्र तो हौद आजतागायत चालू आहे. तात्पर्य, टाकीतील गाळ वेळोवेळी काढावा लागतो, वाढलेली झाडे कापावी लागतात. बाहेर पडलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते पिण्याचे नव्हे. त्यात रोगजंतू उरू शकतात. ते फळझाडांच्या मुळाशी द्यावे, कच्च्या खाण्याच्या भाजीला देऊ नये. आणि वसतिगृहाच्या हौदाची आखणी जाणकार अभियंत्याकडून तपासून घ्यावी; माझे गणित हे केवळ अंदाजाचे आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? नाली बांधली की पाणी गेले! परंतु बंधूंनो, पाणी 'गेले' म्हणजे कोठे गेले? नाल्याच्या खालच्या अंगाला जो टोला आहे, तेथील बायका त्याच पाण्यात कपडे धुतात, मुले त्यातच डुंबतात. ती माणसे आपल्या ज्ञातीची नाहीत, आपल्या संमेलनास येत नाहीत आणि आपल्या ठरावावर हात वर करण्याचा अधिकारही त्यांना नाही. म्हणूनच त्यांच्या वतीने कोणीतरी येथे बोलणे अवश्य होते. आपल्या मंडळाच्या घटनेत 'समाजाची उन्नती' असे शब्द आहेत. दुसऱ्याच्या दारात आपली घाण लोटून साधलेली उन्नती कोणत्या तोंडाने मिरवावी? ज्ञातीची प्रतिष्ठा सभागृहाच्या कमानीवरून ठरत नाही. मागच्या बाजूने काय वाहते, यावरून शेजारी ती ठरवितात.

यास्तव माझी सूचना अशी की, नालीचा ठराव तूर्त स्थगित ठेवावा, तिच्यासाठी काढलेल्या निधीतून प्रथम या हौदाचा खर्च काढून घ्यावा आणि खोदाईचे श्रमदान आपल्या तरुणांनी करावे. देखरेखीची पाळी वसतिगृहातील मुलांकडे सोपवावी. पुस्तकातील शास्त्र त्यांना हातांनी शिकता येईल. भगिनींनी आपल्या परसातील कर्दळीचा एकेक कंद आणला तर लागवडीचा प्रश्नही मिटला.

माझ्या परसातील हौदाचे पाणी आता दोन केळींना जाते. त्यांतील पहिला घड मी काकूंना नेऊन दिला. त्या काही बोलल्या नाहीत. अर्धा घड ठेवून घेतला आणि अर्धा माझ्या हाती परत दिला. त्या टोल्यावरही असाच एक घड नेण्याचा दिवस आपल्या मंडळाला लवकर लाभो, अशी इच्छा व्यक्त करतो.